वरचा मणका

७ ऑक्टोबर १९७९, रविवार

आज आर्डिसच्या मानेला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलेला आहे, असं माझ्या बोटांना कळलं.

चर्चहून घरी आलो. तिने मांस आणि बटाटे ओव्हनमध्ये ठेवले, कानातली काढून कपाटावर ठेवली आणि पुढच्या खोलीत, म्हणजे माझ्या दवाखान्यात, येऊन टेबलावर कुशीवर झाली. लग्न झाल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, दर रविवारी असंच होतं. तिचं डोकं दुखतं. ठणकत नाही, मळमळत नाही. कवटीच्या मागून कपाळापर्यंत एक नंबर लहान टोपी कुणीतरी ओढून बसवावी तसं दुखतं आणि दुपारनंतर वाढत जातं. कवटीखालचा पहिला मणका उजवीकडे सरकतो. मी तो जागेवर आणतो. ती वीस मिनिटं बाजूच्या खाटेवर पडून राहते, तोवर मी मांसावर रस घालतो. मग आम्ही जेवतो. पूर्वी एवढ्यावर शुक्रवारपर्यंत निभायचं. यंदा बुधवारीच टोपी परत बसते.

आज मणका जागेवर होता.

दोनदा तपासलं. दोन्ही कानांखाली सारखा. आणि हाडाभोवतीचं मांस, जे रविवारी वाळलेल्या दोरासारखं लागतं, ते मऊ होतं. मी म्हणालो, आज गरज नाही. ती 'बरं' म्हणाली आणि उठली.

मणका आपोआप जागेवर येत नाही. तीस वर्षं मी पेशंटना हेच सांगत आलो आहे.

९ ऑक्टोबर, मंगळवार

मक्याची कापणी सुरू आहे. दिवसभरात चार पेशंट. विचार करायला वेळ भरपूर.

गावात मणके बसवायचं हे काम करणारे दोघंच. एक मी. दुसऱ्या ब्रँटबाई. मे महिन्यात त्यांनी रस्त्यापलीकडे बुटांच्या जुन्या दुकानात दवाखाना मांडला. वय पस्तीसच्या आसपास, नवरा सुतारकाम करतो, कुत्रा आहे. दारावरची पाटी माझ्या पाटीपेक्षा मोठी नाही, हे मी मोजून पाहिलं आहे.

आमच्या धंद्यात दोन पंथ आहेत. आम्ही मणक्याला हात लावतो आणि थांबतो. मणका जागेवर आला की नसा मोकळ्या होतात, पुढचं शरीर स्वतः बघतं. दुसरे लोक गरम टॉवेल ठेवतात, तेल चोळतात, खांदे दाबतात, व्यायाम शिकवतात. डॅव्हनपोर्टला कॉलेजात असताना आम्ही त्यांना भेसळवाले म्हणायचो. ब्रँटबाई भेसळवाल्या आहेत.

मी स्नायूला हात लावत नाही. लावला तर आपण नक्की कशाने बरं केलं ते कळत नाही.

११ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी चारला सवयीने टेबलावर नवा कागद पसरला आणि मग आठवलं की बर्नेल येणार नाही. आपली मान आपल्याला बसवता येत नाही, म्हणून या धंद्यातल्या प्रत्येकाला दुसरा एक लागतो. शेजारच्या गावातला बर्नेल दर गुरुवारी यायचा. तो आडवा व्हायचा, मग मी. बावीस वर्षं. सप्टेंबरात तो ॲरिझोनाला गेला. पत्र आलं आहे, तिथे संत्र्याचं झाड आहे म्हणतो.

संध्याकाळपासून कपाळाभोवती काहीतरी आवळल्यासारखं वाटतं आहे. हवा बदलते आहे.

१४ ऑक्टोबर, रविवार

आजही जागेवर. या वेळी मी नाक जवळ नेलं. कॉलरच्या आत विंटरग्रीनच्या, अंगाला चोळायच्या तेलाचा वास होता. असलं तेल या घरात कधी आलेलं नाही.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर कपाटातून तिचे एक्स-रे काढले आणि उजेडाच्या पेटीवर लावले. त्रेपन्न सालापासूनचे नऊ आहेत. प्रत्येकावर माझ्या पेन्सिलीच्या रेघा, कोन, अंश. आर्डिसच्या चेहऱ्याचे फोटो आमच्याकडे फारसे नाहीत. मानेचे आहेत. ती मान मी अंधारात शंभर मानांतून ओळखेन. तिच्यावर कुणी दुसऱ्याने हात ठेवावा आणि त्या माणसाच्या हाताला ती मऊ व्हावी, हे मला सहन होत नाही. लिहिलं ते बरं झालं. तोंडाने म्हणता आलं नसतं.

१७ ऑक्टोबर, बुधवार

आमची प्लिमथ गाडी बुटांच्या दुकानामागे उभी होती. पाच वीस ते सहा पाच. मी खिडकीत होतो.

जेवताना तिने उशीर का झाला ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. म्हणजे तिने लपवलं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉफी प्यायला गेलो. एल्डन वीसा काउंटरवर होता. डुकरं पाळतो, पाठ माझ्याकडे आहे. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, 'काय हाडवैद्य, समोर गर्दी वाढली म्हणे.'

मी म्हणालो, नवीन आहे तोवर.

'आमची ही जाऊन आली. टॉवेल काय ठेवतात, खांदे काय दाबतात, वर विचारतात कसं वाटतंय म्हणून. तुझ्याकडे मान मोडून घ्यायची तर जमिनीचे कागद पोराच्या नावावर करूनच यावं लागतं.'

हसले सगळे. मीही हसलो. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, 'तुझ्या घरचीही माणसं जातात की तिकडे.'

कोण, असं मी विचारलं. त्याने कपात बघितलं. 'ते तू बघ बाबा. मी डुकरं पाळतो, बातम्या नाही पाळत.'

कॉफी अर्धी टाकून आलो.

२१ ऑक्टोबर, रविवार

आज मी टेबलावर कागद पसरला नाही. वर्तमानपत्र घेऊन बैठकीत बसलो.

ती दारात येऊन उभी राहिली. कानातली काढून मुठीत धरली होती. मी सोयाबीनचे भाव वाचत होतो. थोडा वेळ थांबली, मग आरशासमोर जाऊन तिने ती परत घातली.

मांस चांगलं झालं होतं.

२८ ऑक्टोबर, रविवार

आज ती दारात आली नाही.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ती डबा विसरून गेली. तो द्यायला कचेरीत गेलो. आर्डिस तिथे जमिनीच्या दस्तांच्या नकला टाइप करते, अकरा वर्षं झाली. ती जागेवर नव्हती. टाइपरायटरमागे डोळ्यांच्या उंचीला ओक लाकडाचा एक तिरपा स्टँड होता, त्यावर दस्त उघडून ठेवलेला. कडा गोल केलेल्या, सांधे खिळ्यांशिवाय. काम चांगलं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या टेगबाई म्हणाल्या, 'छान आहे ना? डॉक्टर ब्रँटच्या मिस्टरांनी करून दिला. फेब्रुवारीत टेबलं हलवली तेव्हापासून बिचारी दिवसभर मान डावीकडे वळवून टाइप करत होती. असं बसू नको, तुम्ही म्हणालाच असाल तिला.'

मी म्हणालो, हो, म्हणालो होतो.

टेबलं हलवल्याचं मला माहीत नव्हतं. पण ती सांगू शकली असती. माझ्या तळघरात करवत आहे, रंधा आहे, ओकच्या तीन फळ्या सहा वर्षं पडून आहेत. स्टँड मी केला असता. आणि ती कोणत्या बाजूला बघते, याने पहिल्या मणक्याला इतका फरक पडतो हेही मला मान्य नाही.

६ नोव्हेंबर, मंगळवार

भांडी धुताना ती गुणगुणत होती. संध्याकाळी साडेसहाला. त्या वेळी ती एरवी दिवा न लावता पलंगावर पडलेली असते, डोळ्यांवर हात ठेवून. मी बाहेरून दार ओढून घेतो, म्हणजे तिला त्रास नको.

चांगलं आहे. बायकोचं डोकं दुखायचं थांबलं तर नवऱ्याने आनंद मानावा. मी मानायचा प्रयत्न केला. दहाएक मिनिटं जमलं. मग मनात आलं, हे गाणं समोरच्या दवाखान्यात लागत असेल.

११ नोव्हेंबर, रविवार

चार रविवार झाले. चार रविवारांत मी आर्डिसला हात लावलेला नाही. बाकीच्या दिवशी लावायची आमच्यात पद्धत नाही. तसं ठरवलेलं नव्हतं, होत गेलं. टेबल होतं, त्यामुळे कधी लक्षात आलं नाही.

आता टेबलावर वर्तमानपत्रं साठली आहेत. असंच चाललं तर एक दिवस ते टेबल नुसतं पेशंटचं होईल आणि आम्ही दोघं एका घरात राहणारी दोन माणसं होऊ. तिला याचं काही वाटत असेल असं दिसत नाही. तिला बरं वाटतं आहे.

१४ नोव्हेंबर, बुधवार

माझं डोकं रोज दुखतं. दुपारी चारनंतर सुरू होतं आणि सहापर्यंत डोळ्यांच्या मागे जातं. सकाळी उठतो तेव्हा दात शिवशिवतात. माझा पहिला मणका सरकला आहे यात शंका नाही, बर्नेल जाऊन दोन महिने झाले. आरशासमोर उभं राहून स्वतःच बसवायचा प्रयत्न केला. मान लचकली.

आज वीस मैल गाडी चालवत शेजारच्या तालुक्यात गेलो आणि ॲस्पिरिन घेतलं. मी पेशंटना गोळी घेऊ देत नाही. दुकानातल्या मुलीने विचारलं, पिशवी देऊ का. मी म्हणालो, दे. बाटली तळघरात रंध्यामागे ठेवली आहे.

२२ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

आर्डिसची बहीण वेल्डा भोपळ्याचा पाय घेऊन आली. बघताक्षणी म्हणाली, 'आर्डिस, तू दहा वर्षांनी लहान दिसतेस. हा डेल्मर काय करतो तुला?'

मी टर्की कापत होतो. आर्डिस म्हणाली, 'हल्ली काही करत नाही. दमतो तो.'

मी दमत नाही. तिने असं का सांगितलं कळत नाही. खरं सांगायची ही चांगली संधी होती.

वेल्डा माझ्याकडे बघून म्हणाली, 'आणि तू दहा वर्षांनी म्हातारा. तुम्ही दोघं वाटून घेता वाटतं.'

२९ नोव्हेंबर, गुरुवार

आज मी रस्ता ओलांडला.

ठरवून गेलो नव्हतो. चार वाजले, डोकं सुरू झालं, कोट घातला. आत बुटांच्या खोक्यांची मांडणी अजून तशीच आहे, तिच्यावर घड्या घातलेले टॉवेल. कुत्र्याने मला हुंगलं आणि तो परत झोपला. ब्रँटबाई हात पुसत बाहेर आल्या. मी म्हणालो, आपली मान आपल्याला बसवता येत नाही आणि माझा माणूस गेला आहे.

'मी मे महिन्यापासून वाट बघते आहे, डॉक्टर होल्स्ट,' त्या म्हणाल्या. 'मलाही इथे कुणी नाही.'

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी आडवा झालो. आर्डिस याच टेबलावर येते हे मनातून जाईना. त्यांनी मानेला हात लावला नाही आधी. विचारायला लागल्या. कधी दुखतं? संध्याकाळी. किती वाजता? चार-पाचला. त्या वेळी काय करत असता? खिडकीशी उभा असतो. बसत नाही? नाही. रोज? रोज.

त्यांची खिडकी माझ्या खिडकीच्या बरोबर समोर आहे. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मग दोन्ही कानांखाली बोटं ठेवली. बोटं गार होती पण चांगली होती, घाई नव्हती. बराच वेळ गेला. मी म्हणालो, उजवीकडे सरकला असेल.

'पहिला मणका सरळ आहे तुमचा.'

पुन्हा बघा म्हणालो. त्यांनी पुन्हा बघितलं. 'सरळ आहे. दात मात्र तुम्ही इतके आवळून धरलेत की कानापर्यंत दगड झालाय. हे इथे.' आणि जबड्याच्या कोपऱ्यावर त्यांनी अंगठा दाबला. मी ओरडलो. कुत्रा उठला.

त्यांनी खांद्यांवर टॉवेल टाकला. तो चांगला गरम होता. दहा मिनिटांनी त्यांनी जबड्यापासून मानेपर्यंत हळूहळू दाबत नेलं आणि टोपी कपाळावरून वर सरकत गेली, मग पूर्ण निघाली. हाड कुठेही हलवलेलं नव्हतं. हे मी जसं झालं तसं लिहितो आहे, याचा अर्थ काय तो नंतर बघू.

कोट घालताना विचारलं. त्याचसाठी गेलो होतो. 'माझ्या बायकोचा पहिला मणका तुम्ही बसवता ना?'

'पेशंटचं मी पेशंटशीच बोलते.'

मी उभा राहिलो. त्या टॉवेलची घडी घालत होत्या. घालून झाल्यावर म्हणाल्या, 'पण हे तुमचं आहे, म्हणून एवढंच सांगते. पहिल्या दिवशी टेबलावर चढायच्या आधी त्या मला म्हणाल्या, वरचा मणका सोडून काय ते करा. तो डेल्मरकडे आहे.'

मग तो जागेवर कसा, मी विचारलं. मी स्वतः तपासला, दोनदा.

'खालचे स्नायू सुटले की कधी कधी हाड आपलं आपण बसतं. कधी कधी.'

असं पुस्तकात नाही, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, 'तुमच्या पुस्तकात नसेल.'

मग कोट काढला, कारण उलट फेरी बाकी होती. त्या कुशीवर झाल्या. त्यांचा मणका डावीकडे सरकला होता, चांगला दोन अंश. मी बसवला. एकदाच, नेमका. 'अरे वा,' त्या म्हणाल्या, उशीत तोंड खुपसून. पुढच्या गुरुवारचं ठरलं.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

तो डेल्मरकडे आहे.

दिवसभर हे एकच वाक्य. मी या हातांवर तीस वर्षं पोट भरतो आहे आणि त्यांनी मला चूक सांगितलं. नाही, हात चुकले नाहीत. हातांना मऊ लागलं ते मऊच होतं. त्या मणक्यावर परका हात मी मनाने घातला.

तरीही, ती तिथे गेली हे खरंच आहे. खांदे तिने ब्रँटबाईंना दिले. डोकं काय करताना दुखतं ते त्यांना सांगितलं. मला सव्वीस वर्षांत ते सांगितलं नाही. मी विचारलं होतं का ते आठवून बघितलं. मणका तपासल्यावर विचारायची गरज नसते, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

२ डिसेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर मी वर्तमानपत्रं उचलली, टेबल पुसलं, नवा कागद पसरला. पसरल्यावर अडलो. तिला मी कधीच बोलावलेलं नाही. ती आपली येत असे. कसं बोलावतात?

स्वयंपाकघरात गेलो. ती गाजरं सोलत होती. म्हणालो, टेबल तयार आहे.

तिने माझ्याकडे बघितलं, सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्या पुढून चालत गेली.

ती कुशीवर झाली, तोंड भिंतीकडे. मी विचारलं, 'डोकं दुखतंय?'

'नाही.'

'काल?'

'काल नाही. परवाही नाही. महिना झाला, डेल्मर.'

'मग आलीस कशाला?'

'रविवार आहे.'

मी कानांखाली बोटं ठेवली. मणका जागेवर होता. जागेवर असला की हात काढायचा, हा आमच्या पंथाचा पहिला नियम आहे. मी तो कधी मोडलेला नाही. हात काढला नाही. बोटांखाली तिची नाडी लागत होती. ती नेहमी लागत असणार, मी हाड शोधत असे.

'काय झालं?' ती म्हणाली.

'काही नाही. सरळ आहे.'

'बरं.' पण ती उठली नाही.

थोड्या वेळाने मी सांगितलं की गुरुवारी मी समोर गेलो होतो. ती म्हणाली, माहीत आहे, विंटरग्रीनचा वास येत होता. मी सांगितलं की मी रोज खिडकीतून बघत होतो. ती म्हणाली, तेही माहीत आहे, पडदा हलायचा. मग तिने टेबलं कशी हलवली ते सांगितलं. नवा साहेब कसा आहे, दस्तांची अक्षरं किती बारीक असतात, संध्याकाळी पलंगावर पडल्यावर मी दार ओढून घेतो तेव्हा ते किती जोरात वाजतं. बरंच सांगितलं. सगळं भिंतीकडे तोंड करून. मांसावर रस घालायचा राहिला.

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. 'ब्रँटबाईंचे हात कसे आहेत?'

तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती.

'टॉवेल गरम असतात,' ती म्हणाली. 'हात बर्फासारखे.'

मी हात काढले, एकमेकांवर चांगले चोळले आणि या वेळी तिच्या खांद्यांवर ठेवले.